गुंठा स्वस्त का मिळतो? वडूज, पहिलं घर आणि पंचेचाळीस हजार पगार

आजचा भाग घरावर. खटाव तालुक्यातून पुण्याला नोकरीला आलेल्या आणि हातात चाळीस-पंचेचाळीस हजार पगार पडणाऱ्या मुलामुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो: "वडूजच्या जवळ गुंठा स्वस्तात मिळतोय, घेऊन टाकू का?" मी त्यावर उलटा प्रश्न विचारतो. या गुंठ्यावर बँक कर्ज देईल का?

देत नसेल, तर तो स्वस्त नाही. कसा, ते आज सांगतो. आकडे बरेच आहेत, त्यामुळे बसमध्ये ऐकत असाल तर घरी जाऊन पुन्हा वाचा.

आधी पगाराचं गणित करू. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं मुदत धरली तर एक लाख कर्जाला महिन्याला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. एवढा एकच आकडा पाठ करा, बाकी सगळं त्यातून निघतं. ४५ हजार पगारातून १८ हजार हप्ता झेपत असेल, तर कर्ज साधारण साडेवीस लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते. म्हणजे घर अंदाजे २३ लाखांचं आणि आपल्या खिशातले सव्वादोन-अडीच लाख. त्यावर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी. नोंदणी फी एक टक्का, पण ३० हजारांच्या वर जात नाही. मुद्रांक शुल्क ठिकाणाप्रमाणे बदलतं, आणि घराची किंमत १० लाखांच्या वर असेल तर हा खर्च बँक कर्जात धरत नाही. सगळं मिळून चार लाख रोख जवळ हवेत. फ्लॅट किंवा तयार घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आईच्या किंवा बायकोच्या नावाचा विचार त्यासाठी तरी करा. (बाकीची कारणंही आहेत, पण तो वेगळा भाग होईल.)

आता गुंठ्याकडे या. समजा, दीड गुंठा सहा लाखांना मिळतोय. कागद म्हणून नोटरी. बँक या जागेवर पैसे देणार नाही, म्हणजे सहाचे सहा लाख रोख. त्यावर घर बांधायला अजून दहा लाख हवेत. जागेचा कागद नाही म्हणून गृहकर्ज नाही, मग उरतं पर्सनल लोन. तेरा टक्के, पाच वर्षं: दहा लाखांना हप्ता २२,७५० च्या आसपास. तेच दहा लाख गृहकर्जात ८,६८० रुपये. एकूण व्याज बघितलं तर गृहकर्जात जास्त जातं हे खरं, कारण ते वीस वर्षं चालतं. पण ४५ हजारांच्या पगारातून दर महिन्याला पावणेतेवीस हजार काढून पुण्यातलं खोलीभाडं भरून दाखवा. बऱ्याच जणांचं घर जोत्यावर थांबतं ते इथेच.

आपल्या भागात हे असं का झालं, याला कारण आहे. खटाव, माण, खानापूर, आटपाडीकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली, कुणी मुंबईला माथाडी झालं. पैसा आला की जोतं, पुढच्या साली भिंती, नंतर कधीतरी स्लॅब. रोखीच्या घराला बँकेचा कागद लागतच नव्हता. त्यामुळे नोटरीवर विकलेला गुंठा कुणाला खटकला नाही. पगारदार माणसाकडे मात्र गठ्ठ्याने रोख नसते. त्याच्याकडे असतो फक्त दर महिन्याला येणारा पगार, आणि त्याचं घर करायचं तर मध्ये बँक लागते.

मग बँक नाही का म्हणते? तुकडेबंदी. १९४७ च्या कायद्याने शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला बंदी आहे. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे आपला दीड गुंठा या हिशोबात कुठेच बसत नाही. १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकात तर मंजूर ले-आउट नसेल तर असे दस्त नोंदवूच नका, असं दुय्यम निबंधकांना सांगितलं गेलं. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, पण बाजाराने वाट आधीच काढली होती. एक वाट नोटरीची. दुसरी, दहा जणांनी मिळून वीस गुंठे सामाईक घ्यायचे आणि चुना टाकून आपापसात वाटायचे. सातबाऱ्यावर दहाही नावं लागतात, पण तुमचा तुकडा कुठला हे त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. बँक ज्याच्यावर बोजा चढवणार ती वस्तूच ठरलेली नाही.

नोटरीबद्दल स्पष्टच सांगतो. शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणी झालेल्या दस्तानेच होते. नोटरीचा शिक्का सही कुणी केली एवढंच सांगतो. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार, त्याने मालकी येत नाही. कुलमुखत्यारपत्रावर केलेली 'विक्री' म्हणजे मालकीचं हस्तांतर नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगून टाकलंय. "इथलं सगळं असंच चालतं" हे वाक्य ऐकलं की पाकीट खिशात ठेवा.

हल्ली अजून एक वाक्य ऐकायला येतं: "आता सरकारनं सगळं नियमित केलं." अर्धं खरं आहे. २०२५ च्या शेवटी निघालेल्या अध्यादेशाने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले तुकड्यांचे जुने व्यवहार फी न घेता नियमित करायची वाट उघडली, आणि नगरपंचायतींची हद्द त्यात येते. वडूजला नगरपंचायत आहे, म्हणजे जुन्या गुंठेवाल्यांना याचा खरंच उपयोग आहे. पण तुम्ही आज नवीन तुकडा घेताय, तुमची तारीख त्यात बसत नाही. शिवाय मालकी नियमित झाली म्हणून रस्ता, झोन आणि बांधकाम परवानगी आपोआप मिळत नाही.

तिसरं वाक्य, "दीड हजार फुटाला परवानगी लागत नाही." हे २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतून आलंय. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर छोटं घर बांधायची प्रक्रिया तिने सोपी केली. पण मालकीचा कागद, नकाशा आणि फी तिथेही लागते. गंमत म्हणजे दीड गुंठा भरतो १५१.७ चौरस मीटर. पावणेदोन मीटरने हुकला!

आता यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. वडूजच्या आसपासच्या बऱ्याच मुलांकडे घरची जागा असते, आणि पहिल्या घरासाठी ती सगळ्यात स्वस्त पडू शकते. अडचण सातबाऱ्यावरच्या नावांची. आजोबांच्या पश्चात वडील, दोन चुलते, तीन आत्या, एखाद्या आत्याच्या पश्चात तिची मुलं. बँकेला या सगळ्यांच्या सह्या हव्या असतात. सणाला सगळे जमतात तेव्हा हा विषय काढायला कुणाला आवडत नाही, आणि आत्यांना गृहीत धरायची आपल्याकडे वाईट सवय आहे. त्यांचा हिस्सा कायद्याने आहे, तो मान्य करूनच बोलायला बसा. आधी नोंदणीकृत वाटणी, मग वडिलांच्या वाट्याला आलेलं बक्षीसपत्राने तुमच्या नावावर. आई-वडिलांकडून मुलाला किंवा मुलीला राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणीचा आणि स्थानिक कराचा खर्च वेगळा. चुलत्याकडून पुतण्याला ही सवलत नाही. आणि एक लक्षात ठेवा, घरपट्टीचा उतारा म्हणजे मालकीचा पुरावा नाही. तो कर कोण भरतो एवढंच सांगतो. मालकी सातबाऱ्यावर बघायची, सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिकेवर.

सातबारा बघताना 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचा. सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, कोर्टाचा दावा, सगळं तिथे असतं. भोगवटादार वर्ग २ लिहिलेलं असेल तर थांबा. वतनाची, पुनर्वसनात मिळालेली अशी ती जमीन असू शकते आणि विकायला सरकारी परवानगी लागते. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. चहा-वडापावपेक्षा स्वस्त, तरी इसार दिल्यावर सातबारा काढणारी माणसं आहेत. मंजूर ले-आउटमधला प्लॉट असेल आणि प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरहून मोठी असेल, तर महारेराचा नंबर मागा. तो असेल तर नोंदणीकृत करार करण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत.

कागद धड असेल तर सरकारी मदतीचंही दार उघडतं. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वर्षाला नऊ लाखांपर्यंत उत्पन्न, ३५ लाखांपर्यंतचं घर आणि २५ लाखांपर्यंतचं कर्ज असेल तर व्याजावर जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांची मदत पाच हप्त्यांत मिळते. देशात कुठेही पक्कं घर नसण्याची अट आहे. नोटरीच्या गुंठ्याला यातलं काही नाही, कारण ज्यावर मदत मिळायची ते गृहकर्जच तिथे नाही.

तर, जागा आवडली की लगेच इसार देऊ नका. सातबारा, जुने फेरफार आणि ले-आउटची मंजुरी यांच्या प्रती घ्या आणि बँकेच्या शाखेत जाऊन विचारा, या जागेवर प्रस्ताव घ्याल का? त्यांच्या पॅनेलवरच्या वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढा. त्याला जाणारी फी तुमची, पण वकिलाला ती जागा विकायची नसते. मालक म्हणाला, "आत्ता इसार दिला नाही तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे," तर त्या गिऱ्हाइकाला जाऊ द्या.

पुढच्या भागात बांधकामाचं: ठेका मजुरीवर द्यायचा की साहित्यासकट, आणि बँक टप्प्याटप्प्याने पैसे सोडते तेव्हा स्लॅबच्या आधी हात का आखडतो. भेटू.