सोळाव्या भागात हिशेब चुकला

सोळा भागांच्या एका कोरियन मालिकेचे पंधरा भाग मी आवडीनं पाहिले आणि सोळावा पाहून झाल्यावर दोन दिवस घरात कोणाशी धड बोलले नाही. 'अगं मावशी, मालिका आहे ती,' असं माझी भाची मला समजावत होती. हे वेड तिनंच मला लावलं. निवृत्तीनंतर दुपार मोकळी असते, तिनं टीव्हीवर काहीतरी जोडून दिलं, खाली इंग्रजी सबटायटल्स, आणि मी चष्मा पुसून बसले.

मालिकेचं इंग्रजी नाव 'रीबॉर्न रिच'. कोरियन नावाचा अर्थ मात्र साधा आहे: चेबोल घराण्यातला धाकटा मुलगा. ती दक्षिण कोरियात जेटीबीसी या वाहिनीवर १८ नोव्हेंबर २०२२ ला सुरू झाली आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी संपली. पहिला भाग सुमारे सहा टक्के घरांत पाहिला गेला, शेवटचा जवळजवळ सत्तावीस टक्के घरांत. म्हणजे माझ्यासारखे चिडलेले लोक तिथं लाखांनी असणार. शेवट सांगितल्याशिवाय मला माझी तक्रार मांडता येणार नाही, तेव्हा ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी इथंच थांबलेलं बरं.

'चेबोल' म्हणजे एकाच घराण्याच्या मुठीत असलेला प्रचंड उद्योगसमूह. जपानी भाषेतला 'झायबात्सु' हा शब्द ज्या दोन चिनी अक्षरांनी लिहितात, त्याच दोन अक्षरांचा हा कोरियन उच्चार. सॅमसंग, ह्युंदाई ही नावं आपल्या घराघरांत आहेतच. मालिकेत सुनयांग नावाचा असाच एक काल्पनिक समूह आहे. त्या समूहात युन ह्युन-वू नावाचा एक नोकर आहे. गरीब घरचा, फारसं शिक्षण न झालेला, पण मालकांच्या घरातली प्रत्येक भानगड निस्तरणारा. त्याचे नियम तीनच. नाही म्हणायचं नाही, प्रश्न विचारायचा नाही, मत बनवायचं नाही. मालकांनी परदेशात दडवलेला पैसा परत आणायला तो जातो आणि मालकांच्याच माणसाकडून गोळी खातो. डोळे उघडतात ते १९८७ साली, आणि तेही त्याच मालकाच्या सर्वांत धाकट्या नातवाच्या, जिन दो-जुनच्या, शरीरात. वय दहा-अकरा वर्षांचं, आणि डोक्यात पुढच्या पस्तीस वर्षांचं सगळं.

मी एका कारखान्याच्या अकाउंट्स खात्यात तीस वर्षं काढली. पुढच्या पस्तीस वर्षांचे ताळेबंद आजच हातात असते तर, ही कल्पना माझ्यासारखीला किती गोड वाटली असेल, सांगायला नको. शिवाय मालिकेनं ही कल्पना हवेत सोडलेली नाही, खऱ्या इतिहासात रोवली आहे. १९८७ च्या डिसेंबरात तिथं अध्यक्षपदाची निवडणूक झाली. विरोधकांचे दोन मोठे नेते, किम यंग-साम आणि किम दे-जुंग, दोघंही उभे राहिले, मतं फुटली आणि रोह ते-वू सुमारे सदतीस टक्के मतांवर निवडून आले. पैसा कोणावर लावायचा या पेचात सापडलेल्या आजोबांना हा पोरगा उत्तर देतो. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला कोरियन एअरचं एक विमान बॉम्बस्फोटानं पडलं, ११५ माणसं गेली. तो अपघात आधीच ठाऊक असल्यामुळं तो आजोबांना वाचवतो. पुढं सेऊलजवळच्या बुंदांगची शेतजमीन तो मागून घेतो. आजोबा हसतात. १९८९ मध्ये सरकारनं तिथं नवं शहर वसवण्याची घोषणा केली हे आपल्याला सबटायटल्सच्या मदतीनं थोडं उशिरा कळतं.

जमिनीच्या पैशाचे तो डॉलर करून ठेवतो. ही खेळी समजायला १९९७ साल आठवावं लागतं. त्या वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला साडेआठशेच्या आसपास वॉन पडत होते, डिसेंबरात हाच भाव दोन हजारांच्या जवळ गेला. मोठमोठे समूह कर्ज काढून वाढलेले होते, परकीय चलन संपत आलं आणि नोव्हेंबरात सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभं राहावं लागलं. कोरियात त्या संकटाला आजही सरळ 'आयएमएफ' असंच म्हणतात. १९९८ च्या सुरुवातीला लोकांनी देशाचं कर्ज फेडायला घरातलं सोनं आणून दिलं. सुमारे पस्तीस लाख माणसं आणि सव्वादोनशे टनांवर सोनं. त्यात लग्नाच्या अंगठ्या होत्या, पोरांना पहिल्या वाढदिवसाला मिळालेल्या अंगठ्याही होत्या. हे वाचल्यावर मी मालिका थांबवून थोडा वेळ आपल्या गळ्यातल्या पोतीला हात लावून बसले होते.

या सगळ्याच्या मधोमध बसलेत ते आजोबा, जिन यांग-चोल. तांदळाच्या गिरणीपासून सुरुवात करून साम्राज्य उभारलेला म्हातारा. सॅमसंगच्या आणि ह्युंदाईच्या संस्थापकांची आठवण व्हावी अशीच ही व्यक्तिरेखा घडवलेली आहे. मोटारींचं त्याला भारी वेड, तोट्यात चाललेला मोटार कारखाना काही केल्या सोडत नाही. (सॅमसंगनंही नव्वदच्या दशकात मोटारी काढल्या होत्या, तो कारखाना बुडीत जाऊन २००० साली रेनॉकडे गेला.) ली सुंग-मिन या नटानं हा म्हातारा असा उभा केला आहे, की नायकाचं काम करणारा देखणा सोंग जूंग-की बाजूला उभा राहून त्याच्याकडे पाहत राहतो. २०२३ मध्ये कोरियातला मानाचा बेकसांग पुरस्कार या भूमिकेसाठी ली सुंग-मिनलाच मिळाला. ग्रामीण वळणाची बोली, पैशाची हाव, पोरांवरचा अविश्वास, आणि या नातवात स्वतःला पाहून झालेला आनंद. पुढं त्याचं मन दगा द्यायला लागतं, माणसं ओळखू येईनाशी होतात. सूड घ्यायला आलेला नोकर त्या म्हाताऱ्याचा खरोखर नातू कधी झाला, ते आपल्यालाही कळत नाही. मालिकेतलं सर्वांत चांगलं काही असेल तर ते हेच.

आणि मग सोळावा भाग. दो-जुन आता समूहाचा प्रमुख होणार, आणि एक ट्रक त्याच्या गाडीवर आदळतो. दो-जुन मरतो. २०२२ मध्ये ह्युन-वू हॉस्पिटलात डोळे उघडतो. गोळी लागल्यानंतर फक्त आठवडाभर गेला आहे. म्हणजे सतरा वर्षांचं ते दुसरं आयुष्य, ती जमीन, ते डॉलर, ते आजोबा, सगळं त्या आठवड्यातलं.

कोरियात प्रेक्षक भडकले. ज्या वेब कादंबरीवर मालिका बेतली आहे, तिच्यात नायक जुन्या आयुष्यात परत येत नाही, समूहाचा प्रमुख होतो. ती वाचलेल्यांचा राग दुप्पट. असा राग तिथं पहिलाच नव्हे. २००४ मध्ये 'लव्हर्स इन पॅरिस' ही पन्नास टक्क्यांवर घरांत पाहिली गेलेली मालिका अशीच संपली होती. नायिका लेखिका निघाली आणि आपण पाहिलेली प्रेमकथा तिनं लिहिलेली गोष्ट ठरली. आठवड्यामागून आठवडे माणसाला एका घरात राहायला बोलवायचं आणि शेवटी ते घरच नव्हतं म्हणायचं, हा प्रकार कुठल्याच देशात खपत नाही.

पण माझी तक्रार थोडी वेगळी आहे. ते स्वप्न होतं की काय, यावर मी वाद घालणार नाही. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आलं, की शेवटाची पेरणी पहिल्यापासून होती. या धाकट्या नातवाचं नाव घराण्यातनं पुसून का टाकलेलं आहे, हा प्रश्न आपल्यापुढं आधीच ठेवलेला होता. उत्तर असं, की तो खरोखर जगला होता, आणि मारला गेला होता. ज्या ट्रकनं त्याची गाडी अडवली, तो रस्त्यात उभा करणारा माणूस तरुण ह्युन-वूच होता. काय चाललं आहे हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं. कळल्यावर तो गप्प बसला आणि नोकरी करत राहिला.

हे ऐकून मी खुर्चीतून उठले. कारण ही गोष्ट मला माहीत आहे.

नव्वदच्या दशकात आमच्या कारखान्यात एक व्हाउचर माझ्या टेबलावर आलं होतं. न आलेल्या मालाचं वाहतुकीचं बिल, मागच्या तारखेचं. साहेब म्हणाले, एंट्री घाला. मी घातली. मला खरंच काही ठाऊक नव्हतं. सहा महिन्यांनी स्टॉक कमी भरला आणि स्टोअरकीपरला घरी बसवलं. तेव्हा मला सगळं समजलं. लेजरमध्ये अक्षर माझं होतं. मी पान उलटलं. त्या वर्षी मला बढती मिळाली. त्या एंट्रीमुळं मिळाली असं नाही, पण मिळाली. स्टोअरकीपर पुढं कधी तरी बाजारात भेटायचा, 'कसं काय बाई' म्हणायचा. त्याला माझ्यावर संशयही नव्हता.

म्हणून सांगते, सोळाव्या भागात लेखकांच्या हाती जे लागलं, ते आधीच्या पंधरा भागांपेक्षा मोठं होतं. मालकाच्या घरात जन्म मिळाला तर काय मजा, ही कल्पना कोणालाही सुचते. मालकाच्या पापात आपला हात होता हे नोकराला कळतं तेव्हा काय होतं, हे फार थोडे लोक लिहितात. आणि या मंडळींनी ते एका तासात उरकलं! ह्युन-वूला आठवतं, तो चौकशीत उभा राहून कबुली देतो, पुरावा पुढं येतो, घराण्याला कारभार सोडावा लागतो. ज्या माणसानं वर्षानुवर्षं प्रश्न विचारला नाही, त्याला पहिला प्रश्न विचारायला किती रात्री लागल्या? घरी वडिलांना तो काय म्हणाला? यातलं काही नाही. बुंदांगच्या जमिनीच्या व्यवहाराला जेवढा वेळ दिला, तेवढासुद्धा या माणसाच्या गप्प बसण्याला दिला नाही.

त्याच्या आईचंही तसंच. दुसऱ्या आयुष्यात तो स्वतःच्या खऱ्या आईला शोधून काढतो, तिच्या छोट्या खाणावळीत जाऊन जेवतो, तिला वाचवायला धडपडतो, आणि ती तरीही जाते. त्या दोन-तीन प्रसंगांत मला वाटलं होतं, आता ही मालिका मालकाच्या दिवाणखान्यातून बाहेर पडेल. पण लगेच शेअर्स, भागभांडवल, मृत्युपत्र. त्या बाईचा विषय संपला.

हे सगळं मी भाचीला सांगितलं, व्हाउचरचंसुद्धा. तिला ते आजवर कोणी सांगितलेलं नव्हतं; तिला काय, घरात कोणालाच. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'मावशी, तो स्टोअरकीपर अजून आहे का गं?'

आहे. तीन बसथांबे पलीकडं राहतो. मालिकेचा सोळावा भाग मी पुन्हा लावलेला नाही, पण बसचं वेळापत्रक दोनदा पाहून ठेवलं आहे.