मेकॉले ६२२

लंडनमध्ये एके काळी मेकॉलेला फोन लावता येत असे. डायलवर एम, ए, सी ही तीन अक्षरं फिरवायची, पुढे चार आकडे, की क्लॅपहॅम-बॅटर्सीकडच्या कुणाच्या तरी घरात घंटा खणखणायची. हा तोच मेकॉले, ज्याच्या नावानं आपल्याकडे शिक्षणावर बोलणारा दर दुसरा वक्ता बोटं मोडतो. त्याचं बालपण क्लॅपहॅममध्ये गेलं, तिथे त्याच्या नावाचा रस्ता आहे आणि टेलिफोन एक्स्चेंजही होतं. चेल्सीचे नंबर शिल्पकार फ्लॅक्समनच्या नावानं सुरू व्हायचे, वॉलवर्थचे ॲडमिरल रॉडनीच्या, केंटिश टाउनचे चक्क गलिव्हरच्या. चिझलहर्स्टच्या एक्स्चेंजला ‘इम्पीरियल’ म्हणत. फ्रान्सचा पदच्युत बादशहा तिसरा नेपोलियन त्या गावात आश्रयाला येऊन राहिला होता आणि १८७३ मध्ये तिथेच वारला.

जुन्या लंडनकरांना ही नावं अजून तोंडपाठ असतात. नंबर म्हणजे पत्ताच होता, असं ते हळहळून सांगतात. हळहळ समजण्यासारखी आहे, पण ही नावं काही कुणा इतिहासप्रेमी साहेबानं निवांत बसून ठेवलेली नव्हती. त्यातली बरीचशी यंत्राच्या अडचणीतून निघाली. मला तर तीच गोष्ट जास्त गमतीची वाटते.

लंडनचं पहिलं एक्स्चेंज १८७९ मध्ये कोलमन स्ट्रीटवर सुरू झालं. ग्राहक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुढे एक्स्चेंजेस वाढत गेली आणि भागाभागाची नावं त्यांना आपोआप पडली: मेफेअर, होबर्न, रीजंट, केन्सिंग्टन. रिसीव्हर उचलायचा, ऑपरेटर बाईला ‘मेफेअर अमुक अमुक’ म्हणून सांगायचं, ती बोर्डावर कॉर्ड खोचून मेफेअरच्या बाईला गाठणार आणि तिथली बाई पुढचं जोडून देणार. १ जानेवारी १९१२ ला नॅशनल टेलिफोन कंपनीचा कारभार पोस्ट खात्याकडे आला, तरी ही रीत तीच राहिली.

ऑपरेटरशिवाय नंबर जोडणारं यंत्र तोवर अमेरिकेत जुनं झालं होतं. कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या आल्मन स्ट्राउजरनं त्याचं पेटंट १८९१ मध्ये मिळवलं. त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजवर होती आणि मयताचे सगळे फोन ती आपल्याच नवऱ्याकडे वळवायची, म्हणून चिडून त्यानं बाईच काढून टाकणारं यंत्र शोधलं, अशी दंतकथा आहे. खरी असो-नसो, यंत्र मात्र पक्कं होतं. एका-दोन एक्स्चेंजच्या गावाला ते झकास चालायचं. लंडनसारख्या शहरात अडचण वेगळी. इथे एक्स्चेंजेस ढीगभर, त्यांना जोडणाऱ्या तारा सगळीकडे सारख्या नाहीत. ब्रिक्स्टनहून मेफेअरला जायची वाट एक, हॅम्पस्टेडहून दुसरी. स्ट्राउजरचं साधं यंत्र फिरवलेल्या आकड्यांच्या मागे मुकाट चालत जातं. म्हणजे प्रत्येक भागातल्या माणसाला मेफेअरसाठी वेगळा आकडा पाठ करावा लागला असता.

यावर उपाय म्हणून ‘डायरेक्टर’ आला. १२ नोव्हेंबर १९२७ च्या मध्यरात्री होबर्न एक्स्चेंज या पद्धतीवर गेलं. लंडनमधलं ते पहिलं.

तुम्ही होबर्नला बसून मेकॉलेचा नंबर फिरवताय असं समजा. एमचं भोक म्हणजे ६. चकती सोडली की ती परत येताना लाइन सहा वेळा तुटते, सेकंदाला दहा या चालीनं. एक्स्चेंजमधला एक सिलेक्टर हे सहा ठोके घेतो आणि ६ च्या गटातला रिकामा डायरेक्टर पकडतो. मग ए म्हणजे २, सी म्हणजेही २. या दोन अक्षरांसाठी डायरेक्टरच्या आत दोन दिशांनी चालणारा स्विच असतो: आधी दोन पायऱ्या वर चढतो, मग दोन घरं आडवा सरकतो. थांबला त्या जागेवरून तारा मागच्या फळीवर जातात, आणि होबर्नहून मेकॉलेपर्यंतची वाट कोणती हे त्या जोडण्यांत ठरलेलं असतं. तेवढ्या वेळात तुमचे उरलेले चार आकडे त्यानं साठवून ठेवलेले असतात. आता तुमच्या वतीनं तो स्वतःच ठोके पाठवू लागतो, आधी वाटेचे आणि मग तुमचे चार. काम झालं की सुटा, पुढच्या माणसासाठी मोकळा. सगळा मामला काही सेकंदांचा. तुम्हाला कानात फक्त थोडी खडखड ऐकू यायची.

मुंबईच्या डब्यावर रंगानं लिहिलेल्या खुणा मालकाचा पूर्ण पत्ता सांगत नाहीत, डबा कुठे उतरवायचा आणि कुणी उचलायचा तेवढं सांगतात; डायरेक्टर तीन अक्षरांची अशीच खूण करून घ्यायचा. वाट बदलली तर फळीवरच्या तारा हलवायच्या. ग्राहकाला पत्ताही लागत नसे, त्याच्यासाठी मेकॉले म्हणजे मेकॉलेच.

मग नुसते आकडे का दिले नाहीत? अक्षरांची भानगड कशाला? कारण शहर एका रात्रीत बदलणार नव्हतं. पुढची कित्येक वर्षं अर्धी एक्स्चेंजेस बायकांची आणि अर्धी यंत्राची राहणार होती. छापील डिरेक्टरी मात्र सगळ्यांना एकच. तेव्हा नाव छापायचं आणि त्यातली पहिली तीन अक्षरं ठळक मोठी ठेवायची. जुन्या फोनवाल्यानं नाव तोंडानं सांगावं, नव्यानं तीच तीन अक्षरं बोटानं फिरवावीत. उलट्या बाजूनं यंत्रवाल्यानं बाईच्या एक्स्चेंजचा नंबर फिरवला, तर तिच्या समोरच्या पडद्यावर आकडे उजळून यायचे आणि ती जोडून द्यायची. आपण यंत्राशी बोललो की बाईशी, हे फोन करणाऱ्याला कळतही नसे. माणसाची सवय न मोडता यंत्र आत शिरवण्याचा इतका सभ्य नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि इथूनच ती गणिताची पंचाईत सुरू झाली. डायलवर भोकं दहा आणि अक्षरं सव्वीस. १ वर अक्षर नाही, कारण रिसीव्हरचा खटका चुकून हलला तरी यंत्र त्याला १ समजायचं. २ वर ए-बी-सी, ३ वर डी-ई-एफ, असं पुढे. ओ मात्र इंग्रजांनी शून्यावर बसवला, म्हणजे शून्य आणि ओ यांत गोंधळ करणाऱ्याचाही फोन बरोबर लागावा. एका भोकात तीन अक्षरं आली की वेगवेगळी नावं एकाच आकड्यावर येऊन आदळतात. बॅटर्सीचं बी-ए-टी म्हणजे २२८. ॲक्टनचं ए-सी-टी? तेही २२८! दोघांना एकच आकडा कसा देणार? बॅटर्सीला बॅटर्सीच ठेवलं आणि ॲक्टनचे लोक ‘एकॉर्न’ झाले. एकॉर्न म्हणजे ओक झाडाचं फळ. ब्रिक्स्टन आणि क्रिकलवूड ही शहराची दोन टोकं, पण डायलवर दोन्ही २७४. ब्रॉम्ली आणि क्रॉयडन दोन्ही २७०. ब्रॉम्लीला मग रेव्हन्सबर्न नदीचं नाव घ्यावं लागलं.

त्यात एका एक्स्चेंजला नंबर दहा हजारच, ०००० ते ९९९९. ते भरले की त्याच भागाला दुसरं नाव हवं. होबर्न भरल्यावर शेजारीच ‘चान्सरी’ निघालं, म्हणजे एकाच गल्लीत समोरासमोरच्या दोन घरांचे नंबर दोन नावांचे. वर आणखी एक मेख होती: ५, ६ आणि ७ या तीन भोकांत मिळून एकही स्वर नाही. ५६७ किंवा ७७५ वर कुठला शब्द बसवणार? शिवाय नाव फोनवर खरखरीतही स्पष्ट ऐकू आलं पाहिजे आणि शेजारच्या नावासारखं वाटता कामा नये. इतक्या चाळण्यांतून भूगोल गळून पडला आणि कवी, ॲडमिरल, फुलं, नद्या, कादंबरीतले नायक वर राहिले. एखाद्या कवीला यमकासाठी शब्द शोधताना जे सुचतं, तसंच काहीसं पोस्ट खात्यातल्या कारकुनांना सुचत गेलं.

लोकांनी नावांना लगेच प्रतिष्ठा चिकटवली. मेफेअर म्हणजे पैसेवाला, फ्लॅक्समन म्हणजे चित्रकार-लेखक मंडळींतला. स्कॉटलंड यार्डचा ‘व्हाइटहॉल १२१२’ तर पोरासोरांनाही ठाऊक होता. बोलतं घड्याळ २४ जुलै १९३६ ला सुरू झालं, त्याचा नंबर टी-आय-एम, सगळे त्याला ‘टिम’ म्हणत. आवाज एथेल केन या व्हिक्टोरिया एक्स्चेंजवरच्या ऑपरेटरचा. स्पर्धेत तिला दहा गिनी मिळाल्या, परीक्षकांत राजकवी मेसफील्ड. पुढच्याच वर्षी, ३० जून १९३७ ला, ९९९ हा तातडीचा नंबर आला. त्यामागे विम्पोल स्ट्रीटवरची १९३५ ची आग होती. पाच बायका त्यात गेल्या, आणि शेजाऱ्याला एक्स्चेंजकडून वेळेवर उत्तर मिळालं नव्हतं. ९ चं भोक अंधारात चाचपून सापडायला सोपं, आणि त्यातल्या डब्ल्यू-एक्स-वाय या अक्षरांतून कुठल्याच एक्स्चेंजचं नाव जुळत नाही. हिचकॉकच्या ‘डायल एम फॉर मर्डर’मधलं घर मेडा व्हेलचं आहे, म्हणजे एम-ए-आय. १९५४ च्या त्या चित्रपटात बोट एमच्या भोकात जातं त्या जवळच्या दृश्यासाठी त्यानं भला मोठा डायल आणि भलं मोठं बोट करवून घेतलं होतं.

नावं गेली त्याचं कारणही तितकंच रुक्ष. १९६३ पासून लंडन-पॅरिस थेट डायल करता येऊ लागलं आणि कुणाच्या डायलवर कोणतं अक्षर कुठे, हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेत ओ ६ वर, लंडनमध्ये शून्यावर. नवी नावं सुचणंही संपत आलं होतं. १९६६ पासून आकड्यांचे नंबर द्यायला सुरुवात झाली आणि थोड्याच वर्षांत डिरेक्टरीतली ठळक अक्षरं दिसेनाशी झाली. न्यूयॉर्कमध्येही अशाच नावांना तिलांजली मिळत होती. तिथल्या पेनसिल्व्हेनिया हॉटेलचा नंबर ग्लेन मिलरच्या बँडनं गाण्यात घेतला म्हणून तेवढा जगाला पाठ राहिला.

आपल्या मुंबईत १८८२ पासून एक्स्चेंज आहे, पण डायलवर फिरवायची नावं इथे रुजली नाहीत. इथे आकड्यालाच नावाचं वजन आलं. २४ दिसला की दादर-परळ, २६ म्हणजे वांद्रे-अंधेरी, २८ म्हणजे बोरिवलीकडचा. स्थळाच्या पत्रिकेवरचा फोन नंबर वाचून घर कुठल्या भागातलं आहे, हे ताडणाऱ्या मावश्या मुंबईत कमी नव्हत्या.

लंडनमध्ये गंमत अशी झाली की नावं गेली, आकडे राहिले. होबर्नचे ४०५, चेल्सीचे ३५२, मेफेअरचे ६२९ तसेच चालू राहिले. शहराचा कोड ०१ चा ०७१-०८१ झाला, मग ०१७१-०१८१, मग २००० साली ०२०. मधले तीन आकडे मात्र जागेवर. उत्तर-पश्चिम लंडनमधलं डॉलिस हिल घ्या. महाराष्ट्र मंडळ, लंडन ही १९३२ सालची संस्था. तिची वास्तू डॉलिस हिल लेनवर आहे. या भागाचे जुने नंबर ४५२ चे. जी-एल-ए: ग्लॅडस्टन. पंतप्रधान ग्लॅडस्टन इथल्या डॉलिस हिल हाउसमध्ये पाहुणा म्हणून येत असे, जवळच्या बागेलाही त्याचंच नाव आहे. गणेशोत्सवाची चौकशी करायला या भागातला नंबर लावणाऱ्या कितीतरी मराठी माणसांनी नकळत ग्लॅडस्टन फिरवला असेल.

योगायोग इथेच थांबत नाही. पोस्ट खात्याचं संशोधन केंद्र याच डॉलिस हिलच्या टेकडीवर होतं. बोलतं घड्याळ तिथलंच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये व्हॉल्व्ह वापरण्याचे प्रयोग करणारा टॉमी फ्लॉवर्स हा इंजिनिअर तिथेच काम करायचा. हजारभर व्हॉल्व्हचं यंत्र चालूच शकणार नाही, असं इतर म्हणत होते. यंत्र कधी बंदच केलं नाही तर व्हॉल्व्ह टिकतात, हे त्याला टेलिफोनच्या अनुभवातून माहीत होतं. जर्मन संदेश फोडणारं ‘कोलोसस’ त्यानं १९४३ मध्ये इथेच उभं केलं. युद्धानंतर गुप्ततेपायी कित्येक वर्षं त्याला याबद्दल चकार शब्द काढता आला नाही. केंद्राच्या इमारतीत आता लोक राहतात.

स्ट्राउजरची खडखड ब्रिटनमध्ये १९९५ साली स्कॉटलंडमधल्या क्रॉफर्डला शेवटची ऐकू आली.

तुमचे कुणी नातलग लंडनला असतील आणि घरी अजून तारेचा फोन असेल, तर ०२० नंतरचा ७ किंवा ८ सोडून पुढचे तीन आकडे लिहून घ्या आणि अक्षरं लावून बघा. मोबाइलवरची अक्षरं बघून लावू नका, तिथे ओ सहावर आहे. तसं केलंत तर रॉडनीचा ७०३ कधीच जुळणार नाही. आणि काहीच अर्थ लागला नाही, तर तो आकडा नावांचा जमाना संपल्यावर दिलेला असणार. ब्रिटिश म्युझियमच्या भागाचं तसंच झालं. ‘म्युझियम’चा आकडा ६८७ व्हायला हवा, पण नावं काढताना तिथे ६३६ आला. त्यातून ‘म्युझियम’ काही निघत नाही.