गुपित आणि खुर्ची (लेखांक ९) : डाल्टन का गेले?

मुंदडा प्रकरण आज सुरू करायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. मध्ये सांगलीच्या एका निवृत्त लेखापालांचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न सोडवेना. ते विचारतात : ह्यू डाल्टन यांचं नाव तुम्ही ओझरतं घेऊन पुढे गेलात. त्या माणसानं पैसा खाल्ला नाही, कुणा सोयऱ्याचं भलं केलं नाही, मग अर्थमंत्रिपद का सोडलं?

१२ नोव्हेंबर १९४७. ब्रिटनचे अर्थमंत्री डाल्टन बजेट मांडायला निघाले होते. बॉम्बवर्षावात कॉमन्सचं सभागृह उद्ध्वस्त झाल्यामुळे सदस्य तेव्हा लॉर्ड्‌सच्या दालनात बसत. वाटेत ‘स्टार’ या सायंदैनिकाचे जॉन कार्व्हेल भेटले. ओळखीचा वार्ताहर. डाल्टन यांनी चालता चालता दोन-चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं : तंबाखूवर काही नाही, बिअर पेनीनं महाग, कुत्र्यांच्या शर्यतींवर कर, घोड्यांवर नाही, नफ्यावरचा कर दुप्पट. आता भाषण सुरूच होणार, तर सांगायला काय हरकत, असं त्यांना वाटलं असणार. कार्व्हेल यांनी लगेच कचेरीला फोन केला. डाल्टन यांचं भाषण संपायच्या आत, शेअर बाजार चालू असतानाच, अंक रस्त्यावर विकायला आला. दुसऱ्या दिवशी सभागृहात प्रश्न आला, डाल्टन यांनी माफी मागितली आणि त्याच संध्याकाळी पंतप्रधान ॲटली यांनी त्यांचा राजीनामा स्वीकारला. त्यांच्या जागी स्टॅफर्ड क्रिप्स आले. १९४२ साली योजना घेऊन भारतात आलेले, तेच.

आता याच्या शेजारी ११ वर्षं आधीचं प्रकरण ठेवून पाहा. मला स्वतःला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

१९३६ साली जे. एच. थॉमस वसाहतमंत्री होते. रेल्वेत इंजिनं पुसण्यापासून सुरुवात करून कामगार पुढारी झालेला, मोठ्या आवाजाचा, गप्पिष्ट, सगळ्यांना हवाहवासा माणूस. बजेट त्यांचं नव्हतं, नेव्हिल चेंबरलेन यांचं होतं. पण मंत्रिमंडळात बसल्यामुळे थॉमस यांना आतली गोष्ट माहीत होती. प्राप्तिकर पौंडामागे तीन पेन्सनं वाढून चार शिलिंग नऊ पेन्स होणार होता आणि चहावरची जकात पौंडाला दोन पेन्सनं.

त्या काळी लंडनमध्ये लॉइड्‌सच्या बाजारात बजेटवर विमा उतरवता येई. चहाच्या व्यापाऱ्याला जकातवाढीची धास्ती, म्हणून तो हप्ता भरी. वाढ झाली तर नुकसान विमेकऱ्याच्या माथी. इथवर सगळा सरळ धंदा. पण ज्याच्याकडे माल नाही, गोदाम नाही, अशा माणसानंही प्राप्तिकर वाढेल म्हणून विमा उतरवला, तर तो सट्टाच. त्या एप्रिलमध्ये बजेटच्या तोंडावर असे विमे घ्यायला एकदम झुंबड उडाली. विमेकऱ्यांना वास आला. त्यांच्याकडे प्रत्येक सौद्याची नोंद होती : कुणी, कधी, किती रकमेचा.

न्या. पोर्टर यांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधिकरण बसलं आणि सुनावणी उघड झाली. थॉमस यांच्याकडून बातमी दोघांना गेली आणि दोघांनी तिच्यावर पैसा केला, असा निष्कर्ष निघाला. एक खासदार सर आल्फ्रेड बट, नाट्यगृहांच्या धंद्यातले. दुसरे आल्फ्रेड बेट्स, थॉमस यांचे व्यापारी मित्र. या बेट्स यांनी थॉमस यांच्या आत्मचरित्राचे हक्क आधीच भल्या मोठ्या रकमेला घेतले होते, आणि पुस्तक तर तेव्हा बाहेरही आलेलं नव्हतं. थॉमस यांनी बातमी विकली, असं न्यायाधिकरण म्हणालं नाही. थॉमस शेवटपर्यंत मी काही सांगितलं नाही असंच म्हणत राहिले. मंत्रिपद गेलं, खासदारकीही सोडावी लागली.

बातमी फुटण्याच्या प्रकरणांत आपण फुटल्याचा क्षण शोधत बसतो : कुठे भेटले, काय बोलले. थॉमस यांच्याबाबतीत खरी चूक त्याच्या फार आधी होऊन गेली होती. मंत्र्यानं व्यापाऱ्याकडून मोठी रक्कम घेतली की त्या व्यापाऱ्यासमोर बसून गप्प राहणं अवघड होतं. मित्राला काही विचारावंही लागत नाही. हितसंबंध म्हणजे हेच, आणि गोपनीयतेचा कुठलाही नियम त्यावर पुरा पडत नाही.

नुकसानीच्या हिशेबानं डाल्टन यांची चूक किरकोळ होती. त्यांची बातमी वर्तमानपत्रात छापून आली, म्हणजे विकत घेईल त्याला मिळाली. थॉमस यांची दोघांनाच मिळाली. तरीही डाल्टन गेले ते बरोबर झालं, असं माझं ठाम मत आहे. मंत्र्याला घालवण्यासाठी कुणाचा फायदा झाला हे सिद्ध व्हायलाच हवं असा दंडक घातला, तर बहुतेक मंत्री सुटतील. थॉमस यांच्या वेळी लॉइड्‌सच्या वह्या होत्या म्हणून धागा सापडला. खाजगी बैठकीत सांगितलेल्या गोष्टीची अशी वही कुठे असते? बरं, डाल्टन काही कायमचे बाद झाले नाहीत. १९४८ मध्ये ते पुन्हा मंत्रिमंडळात आले.

आपल्याकडे शपथविधीच्या बातमीत ‘पद आणि गोपनीयतेची शपथ’ हे शब्द आपण इतक्यांदा ऐकतो की त्या दोन वेगळ्या शपथा आहेत हे लक्षात राहत नाही. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत दोन्ही आहेत. गोपनीयतेच्या शपथेत मंत्री म्हणतो की कर्तव्यासाठी आवश्यक असेल तेवढं सोडून, मंत्री म्हणून कळलेली गोष्ट कुणालाही, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, सांगणार नाही. फायद्यासाठी सांगितली की सहज बोलून गेलो, असा भेद त्यात नाही. सांगलीकरांच्या प्रश्नाला माझं उत्तर तिथेच आहे.

डाल्टन गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत, २६ नोव्हेंबर १९४७ रोजी, षण्मुखम चेट्टी यांनी स्वतंत्र भारताचं पहिलं बजेट मांडलं. १९५० मध्ये आपलंही बजेट फुटलं, तेव्हा छपाई राष्ट्रपती भवनातून मिंटो रोडच्या छापखान्यात गेली आणि १९८० मध्ये नॉर्थ ब्लॉकच्या तळघरात. हलव्याची कढई चढते, मग बजेटचं काम करणारे कर्मचारी भाषण होईपर्यंत घरी जात नाहीत, फोन नाही. व्यवस्था चांगलीच आहे. पण ती कागदाची राखण करते आणि कोंडले जातात ते कर्मचारी. थॉमस आणि डाल्टन या दोघांच्याही प्रकरणांत कागद जागच्या जागी होता.

मुंदडा प्रकरणात नेमकं उलट झालं. अर्थमंत्री आणि त्यांचे सचिव यांच्यातला गोपनीय पत्रव्यवहार खासदार फिरोज गांधींच्या हाती लागला, आणि तो फुटला म्हणूनच आयुर्विमा महामंडळाचा व्यवहार लोकांपुढे आला. गोपनीयतेच्या शपथेचं तिथे काय करायचं, हे पुढच्या आठवड्यात न्या. छागलांच्या सुनावणीपासून पाहू.