वर येण्याचं शास्त्र

मालवण-तारकर्लीला जाऊन ‘स्कूबा केलं’ असं सांगणारे आता प्रत्येकाच्या ओळखीत दोन-चार तरी निघतात. पुराव्याला फोटो असतोच. तोंडात रेग्युलेटर, काचेआड मोठे झालेले डोळे, भोवती पट्टेरी मासे आणि फोटोच्या कडेला अर्धवट आलेला एक हात. हा हात प्रशिक्षकाचा. सिलिंडर धरून खाली नेणं, जॅकेटात हवा भरणं आणि सोडणं, हवा किती उरली ते बघणं आणि वेळ झाली की वर आणणं, ही सगळी कामं तोच करत असतो. पाहुण्याने श्वास घ्यायचा आणि मासे बघायचे. सहलीसाठी हे उत्तमच आहे, पण त्याने डायव्हिंग येत नाही.

हा हात सुटतो तो ‘ओपन वॉटर’ कोर्समध्ये. पॅडी, एसएसआय अशा आंतरराष्ट्रीय संस्थांचा हा पहिला टप्पा भारतात अनेक जण अंदमानात, स्वराज द्वीपावर (पूर्वीचं हॅवलॉक) पूर्ण करतात. सुट्टीच्या हंगामात तिथल्या डाइव्ह सेंटरांवर मराठी सहज कानावर पडतं. तीन-चार दिवसांचा मामला असतो. थोडा अभ्यास, मग तलावात किंवा उथळ, शांत पाण्यात सराव आणि शेवटी खुल्या समुद्रात चार डाइव्ह. पॅडीच्या अभ्यासक्रमात त्यातल्या पहिल्या दोन जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत आणि पुढच्या दोन १८ मीटरपर्यंत. पोहता यायलाच हवं, पण शर्यतीसारखं नव्हे. न थांबता २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं, एवढीच अपेक्षा असते.

नवख्याला भीती असते ती खोलीची. कोर्स संपेपर्यंत ती भीती जागा बदलते, निदान बदलायला हवी. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. जमिनीवर आपल्यावर एक पट दाब असतो, १० मीटरवर दोन पट, २० वर तीन पट, ३० वर चार पट. दाब वाढला की हवा त्याच प्रमाणात आकसते, आणि कमी झाला की फुगते. शाळेत पाठ केलेला हाच तो बॉइलचा नियम. आता गणित करा. ३० मीटरवरून २० वर आलात तर फुप्फुसातली हवा सव्वा ते दीड पटीच्या मध्ये कुठेतरी फुगते. १० मीटरवरून थेट पृष्ठभागावर आलात तर ती दुप्पट होते. म्हणजे सर्वांत जोखमीचं पाणी तळाशी नसून डोक्यावर, ऊन दिसतं तिथे आहे. फुप्फुसं भरलेली ठेवून, श्वास रोखून जेमतेम दीड मीटर वर आलं तरी इजा होऊ शकते. स्विमिंग पूलमध्येही हा धोका तेवढाच असतो.

म्हणून स्कूबाचा पहिला नियम म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. ऐकायला सोपा, पाळायला अवघड, कारण पाण्यात तोंड घातलं की श्वास धरायचा हे आपण लहानपणापासून अंगी मुरवलेलं असतं. कोर्समधला बराचसा सराव ही सवय मोडण्यासाठीच आहे. रेग्युलेटर तोंडातून काढायला लावतात, मग हात मागे फिरवून तो शोधायला लावतात, आणि या मधल्या काही सेकंदांत ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायला लावतात. बुडबुडे थांबले की प्रशिक्षक पुन्हा करायला लावतो. हे वाद घालण्यासारखं नसतं.

मास्कचा सराव मात्र बहुतेकांना छळतो. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं, मग कपाळाकडची कड दाबून, मान किंचित वर करून नाकाने हवा सोडायची. खालच्या कडेने पाणी निघून जातं. यात अवघड काही नाही, पण नाकाशी पाणी आलं की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो आणि माणूस वर धावायला बघतो. धीट समजले जाणारे लोक इथे हमखास अडतात, आणि ‘मला नाही बाई जमायचं’ म्हणत आलेली एखादी काकू शांतपणे नाकाने हवा सोडून मोकळी होते. धाडसाचा इथे फारसा उपयोग नाही. संथपणाचा आहे.

कानांचंही तसंच. खाली जाताना मीटरभरातच कान दडपतात. नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलायची, तीही दुखायला लागण्याच्या आधी आणि वारंवार. कान मोकळे झाले नाहीत तर थोडं वर यायचं, जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर खालीच ओसरला, तर वर येताना कानात कोंडलेली हवा बाहेर पडायला जागा उरत नाही. दमा, हृदयविकार, गरोदरपण याबद्दलच्या प्रश्नांचा कागद सुरुवातीला भरून घेतात. तो खरा भरावा. पैसे भरलेत म्हणून ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा करत सुटणारे महाभाग असतात.

मग हवेचा हिशेब. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २,२०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर हवा वापरणाऱ्याला जमिनीवर ती पावणेदोन तासांहून अधिक पुरेल. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा लागते आणि वेळ अर्धा होतो. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, त्याचा वेळ आणखी कमी. वर येताना ५० बार शिल्लक हवेत असा प्रघात आहे, तेव्हा गेजकडे वारंवार बघणं हीच नवख्याची मुख्य ड्युटी. जोडीदाराचीही हवा माहीत हवी. हवा संपली तर गळ्यावरून आडवा हात फिरवायचा, जोडीदाराचा जादा रेग्युलेटर तोंडात घ्यायचा आणि एकमेकांचा हात धरून सोबत वर यायचं. अंगठा वर करण्याचा अर्थ पाण्याखाली ‘मस्त’ असा नसून ‘वर चला’ असा असतो. हे विसरलेल्याला प्रशिक्षक निमूटपणे वर घेऊन जातो.

जोडीदार जवळ नसेल तर? त्याचीही तालीम होते. सहा ते नऊ मीटरवरून एकाच श्वासावर, तोंडाने ‘आऽऽ’ करत, हळूहळू वर यायचं. एवढा वेळ हवा पुरेल कशी, असं वाटतं. पण वर येता येता फुप्फुसातली हवा फुगतच असते, त्यामुळे सोडत राहिलो तरी ती लगेच संपत नाही. बॉइलचा जो नियम घात करू शकतो, तोच इथे हात देतो.

वर येण्याचा वेग आता साधारण मिनिटाला ९ मीटर धरतात आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतात. याचं कारण नायट्रोजन. दाबाखाली तो रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. दाब झटकन उतरला तर सोडावॉटरच्या बाटलीचं बूच उडवल्यावर होतं तसं होतं, त्याचे बुडबुडे तयार होतात. सांधे दुखतात, मुंग्या येतात, गंभीर प्रसंगी मज्जारज्जूला इजा होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. आज मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर करतो ते त्याच विचाराचं पुढचं रूप आहे. पॅडीच्या कोष्टकात १८ मीटरवर पहिल्या डाइव्हला ५६ मिनिटांची मर्यादा आहे. नवख्याची हवा त्याच्या कितीतरी आधी संपते, हे एका अर्थी बरंच.

पण वर येणं होडीत चढल्यावर संपत नाही. नायट्रोजन पूर्ण निघून जायला अनेक तास लागतात, म्हणून विमानप्रवासाआधी थांबावं लागतं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या शिफारशीनुसार एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर १८ तास. स्वराज द्वीपावरचे चांगले सेंटरवाले परतीच्या विमानाची वेळ आधीच विचारतात ती यासाठी. कोकणात येणाऱ्यांना वाटतं, आपण तर गाडीने जाणार. मात्र ही शिफारस २,००० फूट, म्हणजे सुमारे ६०० मीटर उंचीपासूनच लागू होते, आणि परतीच्या वाटेवरचा आंबोलीचा घाटमाथा त्याहून उंच आहे. पाच-सात मीटरवर थोडा वेळ मासे बघून आलेल्या पर्यटकाला यात फार घाबरण्यासारखं काही नाही, त्याच्या अंगात नायट्रोजन थोडाच मुरलेला असतो. दोन-तीन दिवस लागोपाठ खोल डाइव्ह करणाऱ्याने मात्र घाटाची वेळ विमानासारखीच मोजावी. शेवटची डाइव्ह शनिवारी दुपारी उरकायची, रविवारी सकाळी सिंधुदुर्ग किल्ला बघायचा, माशाचं जेवण जेवायचं आणि मग गाडी घाटाकडे वळवायची.