सौर वादळ, हवेतल्या लहरी आणि किबल्याची सुई

"आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल बंद ठेवा, पृथ्वीजवळून घातक किरणं जाणार आहेत." हा मेसेज आपल्या फॅमिली ग्रुपवर कितीदा आला असेल? त्यात काडीचं तथ्य नाही. सूर्यामुळे वादळं मात्र खरंच येतात आणि नुकसानही करतात, पण ते भलतीकडेच.

१० मे २०२४ ला गेल्या वीसेक वर्षांतलं सर्वात जोरदार चुंबकीय वादळ आलं. लडाखमध्ये हानले इथे रात्रीचं आकाश लालसर दिसलं. अशा वेळी ध्रुवांजवळच्या पट्ट्यात, शंभरेक किलोमीटर उंचीवर, प्रचंड वीजप्रवाह वाहतात आणि तिथली विरळ हवा झपाट्याने तापते. तापलेली हवा वर उचलली जाते, गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढतं. ती मूळ जागा ओलांडून खाली जाते, दाबली जाते, पुन्हा वर येते. मशिदीच्या हौदात खडा टाकला की पाणी हलतं ना, तसंच. या गुरुत्व लहरी. (कृष्णविवरांच्या टकरीतून येतात त्या गुरुत्वीय लहरी वेगळ्या. इथे मुलं हमखास गोंधळतात.)

हौदातली लहर वीतभर. इथे एका लाटेपासून दुसरीपर्यंत हजार किलोमीटर आणि त्याहूनही जास्त अंतर असतं. वेग सेकंदाला ४०० ते १००० मीटर. म्हणजे ध्रुवाकडून निघालेली लहर काही तासांत आपल्या डोक्यावर! आपल्याला वाराही लागत नाही, कारण हे सगळं विमानांच्याही कितीतरी वर चालतं. पण तिथले विद्युतभारित कण लहरीबरोबर वरखाली होतात, त्यांतून येणारा जीपीएसचा सिग्नल रेंगाळतो आणि नकाशावरची जागा थोडी चुकते.

शिवाय तापलेली हवा फुगून वर चढते आणि उपग्रहांना अडवते. ३ फेब्रुवारी २०२२ ला स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडले होते, सुमारे २१० किलोमीटरवर. वादळ मध्यमच होतं, तरी त्यातले ३८ खाली येऊन जळाले.

आणि किबला? अलिबागची वेधशाळा १९०४ पासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचं काम तिथे हलवलं होतं. आपल्या भागात मोठ्या वादळातही सुई एका अंशापेक्षा कमीच हलते. नमाजेसाठी फोनवर किबला बघताना लोखंडी कपाटापासून लांब उभे राहा आणि चुंबकाचं कव्हर काढा. खरा घोळ तिथे होतो.