जनेल, खिडकी व दिंडी

कोल्हापुरांत ज्या वस्तूस ‘खिडकी’ म्हणतात, तीस घाट उतरून गोव्याकडे गेलें कीं ‘जनेल’ हें नांव ऐकूं येतें. दोन्ही शब्दांचा अर्थ उजेडवाऱ्याचा झरोका इतकाच धरून जुने कागद वाचणें धोक्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.

जनेल हा पोर्तुगीज ‘जनेला’ होय. लॅटिनमध्यें ‘यानुआ’ म्हणजे दार. त्यास लघुत्वदर्शक प्रत्यय लागून बोलींतील लॅटिनमध्यें ‘यानुएल्ला’, म्हणजे लहान दार, असें रूप झालें व आरंभींच्या ‘य’चा पुढें ‘ज’ झाला. झरोक्यास लॅटिनचा स्वतंत्र शब्द ‘फेनेस्त्रा’ हा होता. फ्रेंच व जर्मन भाषांनीं तो राखिला. पोर्तुगीजांत मात्र त्याचें ‘फ्रेस्ता’ होऊन तो अरुंद फटीपुरता उरला, आणि त्याची जागा लहान दारानें घेतली. यानुआ हा शब्द ‘यानुस’ या द्वारदेवतेच्या नांवाशीं संबद्ध आहे. जानेवारी महिनाही तिच्याच नांवाचा. म्हणजे जनेल व जानेवारी हीं दूरचीं भावंडेंच! पोर्तुगीज तारवांबरोबर हा शब्द पुष्कळ फिरला. बंगालींतील ‘जानाला’, तमिळांतील ‘जन्नल’ व मलायींतील ‘जेंदेला’ हे सर्व त्याचेच अवतार.

नवल हें कीं, आपल्या खिडकीचाही प्रवास असाच झाला आहे. प्राकृतांतील ‘खडक्की’ म्हणजे लहान अथवा बाजूचें दार. तो जुना अर्थ मराठींतून अगदींच गेलेला नाहीं. पुण्याच्या शनिवारवाड्याचा एक दरवाजा ‘खिडकी दरवाजा’ याच नांवानें प्रसिद्ध आहे. दिंडी हा शब्द या दोहोंचा शेजारी. मोठ्या दरवाज्याच्या फळींतील लहान दार ती दिंडी. पन्हाळ्यावर आडवाटेच्या लहान दारासही ‘राजदिंडी’ म्हणतात. इ. स. १६६० च्या जुलैंत शिवाजीमहाराज वेढ्यांतून निसटले ते याच वाटेनें, अशी परंपरा आहे.

तेव्हां गडकोटांच्या कागदांत खिडकीवर चौकी बसविल्याचा मजकूर आढळल्यास, संशोधकानें आधीं माणूस जाईल असें दार मनांत आणावें, झरोका मागाहून. जनेल शब्दाचें मोल निराळें. गोवा पोर्तुगीजांकडे गेला १५१० त. त्यापूर्वींचा म्हणविणाऱ्या पोथींत हा शब्द निघाला, तर ती पोथी, निदान तेवढें वाक्य तरी, उत्तरकालीन समजावें. मग कागद कितीही जीर्ण असो.