चष्मा सुटतो तो कसा?

आमच्या परिचयाच्या घरांतून हल्ली वारंवार विचारणा होते: मुलीचा चष्मा लेसरने घालवावा म्हणतो, पण डोळा कापतात म्हणे? कापतात हे खरे. परंतु किती, ते समजून घ्यावे.

बुबुळापुढील पारपटल जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्याचा बाक बदलला की नंबर उतरतो. त्यासाठी वरचा पातळ पापुद्रा उचलून आतील थर लेसरने घडवितात. पापुद्रा काढण्याचे जुने हत्यार मायक्रोकेरॅटोम. हवा शोषणारे कडे डोळा घट्ट धरते. मग सुताराच्या रंध्याप्रमाणे कंप पावणारे पाते सरकते व एका कडेस बिजागरी राखून थांबते.

फेम्टोसेकंद लेसरला पाते नसते. तो सुमारे १०० मायक्रॉन खोलीवर असंख्य सूक्ष्म बुडबुडे उठवितो. त्यांच्यामध्ये तंतूंचे पूल मात्र शिल्लक राहतात. ते तोडावयास अखेर माणसाचा हातच लागतो! धिरड्याखाली उलथने घालावे तशी बोथट, चपटी सळई कडेतून सारून शस्त्रवैद्य पापुद्रा हलकेच सोडवितो. सळई बोथटच हवी; धार असली तर ती थर सोडून भलतीकडे शिरावयाची.

पापुद्रा पुन्हा पसरतात, टाका घालीत नाहीत. तो चिकटतो, पण मूळच्या बळकटीने कधीच सांधत नाही. वर्षांनंतरही जबर फटक्याने सरकल्याची उदाहरणे आहेत. मुलगा कुस्ती खेळणारा असेल, तर पापुद्र्याविना होणाऱ्या पीआरकेविषयी डॉक्टरांस अवश्य विचारावे, असे आम्ही सांगतो. तीत चार दिवस दुखते अधिक.